पहिली सुरी

सास्तूरच्या ज्ञानोबांना घरात एकच काम होतं, आणि तेही वर्षातून फार तर तीन-चार वेळाच निघायचं. भोपळ्याला पहिली सुरी लावायची.

बाकीचं घर मथुराबाई चालवत. ज्वारी कधी विकायची, कुणाच्या लग्नात काय आहेर करायचा, म्हैस ठेवायची की काढायची, रणधीरला कुठल्या गावची मुलगी करायची, हे सगळं त्या ठरवत आणि ज्ञानोबा मान हलवत. मान हलवण्याचं काम ते मनापासून करत. माकणीच्या धरणावर नोकरीला होते तेव्हाही साधारण असंच होतं. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं हे वरून ठरायचं. ज्ञानोबा जाऊन चाक फिरवायचे. पण ते चाक त्यांच्या हातानं फिरल्याशिवाय कालव्यात पाणी उतरत नसे, आणि ही गोष्ट त्यांनी कालव्याखालच्या गावांना कधी विसरू दिली नाही. पुढं निवृत्त झाले, चाक गेलं. भोपळा राहिला.

त्या घरात बाईमाणसानं आख्ख्या भोपळ्याला सुरी लावायची नाही, असा नियम होता. घरातल्या कर्त्या पुरुषानं उजव्या हातानं पहिली सुरी घालून भोपळा दुभंगून द्यायचा. एकदा तो दुभंगला, की बायकांनी त्याच्या फोडी कराव्यात, तो किसावा, शिजवावा, करपवावा, कुणी विचारत नसे. असं का, याची उत्तरं माणसागणिक वेगळी होती. मथुराबाई म्हणत, भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, आईनं लेकावर हत्यार कसं धरायचं? ज्ञानोबा म्हणत, भोपळ्याला नेम लागतो आणि तो बायकांना नसतो. मथुराबाईंनी कुंपणावरच्या सापाला दगड मारून जागेवर झोपवला होता त्या दिवशीही त्यांनी हे मत बदललं नाही. सून निकिता बारावी सायन्स होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं हा प्रश्न विचारला, दोन्ही उत्तरं ऐकून घेतली आणि पुन्हा विचारला नाही.

दुसऱ्या घरांत हा नियम जरा सैल होता. ज्ञानोबांचे मेहुणे बलभीम सुरीचं टोक भोपळ्याला कुंकू लावल्यासारखं टेकवत आणि पेपर वाचायला निघून जात. ज्ञानोबांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांचा भोपळा एका दणक्यात दोन व्हायचा. त्यासाठी ते आधी बाह्या सारत, भोपळा फिरवून त्याचं देठ आणि बूड बघत, त्याला दोन थापट्या मारून आवाज ऐकत. तोवर चुलीवरचं तेल तापून धूर सोडायला लागायचं. मथुराबाईंनी कधी घाई केली नाही.

आणखी एक गोष्ट अशी, की हा मान बापाकडून लेकाकडं यायचा तो बाप गेल्यावरच. ज्ञानोबांचे वडील वारले तेव्हा तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला भोपळ्याचे घारगे करायचे होते. चुलत्यांनी काही न बोलता सुरी ज्ञानोबांच्या हातात दिली. त्या दिवसापासून दारात येणारी माणसं ‘ज्ञानोबा हायत का घरी?’ असं विचारायला लागली. त्याआधी ज्ञानोबा दारातच बसलेले असले तरी ‘घरी कुणी हाय का?’ असं विचारत.

तर अशा घरात श्रावणातल्या एका सकाळी चहाचा कप ज्ञानोबांच्या हातातून खाली पडला, आणि तो उचलायला गेलेला हातही खालीच राहिला.

उमरग्याच्या दवाखान्यात राहून ते परत आले. तोंड सरळ झालं, पाय ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र खुंटीला अडकवलेल्या पिशवीसारखा राहिला. डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, रोज दाबा, हळूहळू येईल. ज्ञानोबा तो चेंडू नेमानं डाव्या हातानं दाबत, कारण उजव्यानं तो दाबला जात नव्हता. तीन-चार महिन्यांत त्यांचा डावा हात फार चांगला झाला.

पण नैवेद्य डाव्या हातानं दाखवत नाहीत, आणि भोपळ्याला पहिली सुरी डाव्या हातानं लावत नाहीत.

भूकंपानंतर बांधून मिळालेल्या त्या घराला मागं-पुढं भरपूर मोकळी जागा होती. मागच्या बाजूला न्हाणीच्या पत्र्यावर मथुराबाईंनी भोपळ्याचा वेल चढवला होता. त्या वेलाला दरवर्षी तीन-चार भोपळे यायचे. त्या वर्षी त्याला काय सुचलं कोण जाणे, पत्रा वाकायची वेळ आली. दिवाळीनंतर निकिता एकेक भोपळा उतरवून घरात आणायला लागली. नणंदेला दिले, बलभीमांकडं दिले, शाळेतल्या बाईंना दिला. उरलेले नऊ तिनं पुढच्या खोलीत ज्ञानोबांच्या बाजेखाली लावून ठेवले, कारण तिथं सावली होती आणि जमीन कोरडी होती. म्हणजे ज्ञानोबा वर झोपत आणि भोपळे खाली.

आणि मग घरातला भोपळा हा शब्दच बंद झाला.

कुणी ठरवून बंद केला असं नाही. मथुराबाई एक दिवस म्हणाल्या, “यंदा भोपळा खावाच वाटंना झालाय बगा.” निकिता म्हणाली, तिला त्यानं पित्त होतं. रणधीर उमरग्याला ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात कामाला होता, रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन करायचा. घारग्यांच्या वासानं तो लहानपणी तापातून उठून बसला होता असं घरात सांगत. त्यानं जाहीर केलं की त्यानं गोड सोडलंय. वांगी, मेथी, पुन्हा वांगी असं चाललं होतं. नियमानं बघितलं तर रणधीर पुरुष होता, त्याचा उजवा हात शाबूत होता, आणि सुरी फळीवर होती. पण बाप पुढच्या खोलीत जिवंत बसलेला असताना पोरानं पहिली सुरी लावायची म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

ज्ञानोबांना हे कळत नव्हतं असं नाही. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सगळं घर भोपळा सोडून बसलंय, हे त्यांना कळत होतं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. पण त्यात एक समाधानही होतं. जोवर बाजेखाली नऊ भोपळे आख्खे आहेत, तोवर आपली जागा कुणी घेतलेली नाही. रोज सकाळी उठल्यावर ते काठीनं बाजेखालचे भोपळे मोजत आणि मगच चूळ भरत.

येळवस जवळ आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला इकडं सगळा मुलूख रानात जेवतो आणि दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवतो. जेवणात भज्जी लागतेच लागते, हिरव्या शेंगा आणि असतील त्या भाज्या डाळीच्या पिठात एकत्र शिजवलेली. मथुराबाईंच्या भज्जीत भोपळा पडायचा आणि वर घारगे व्हायचे. यंदा काय करणार, हे ज्ञानोबांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी ते न्हाणीकडं गेले, तर कट्ट्यावर सुपात भोपळ्याच्या बिया वाळत होत्या.

ज्ञानोबा सुपाकडं बघत उभे राहिले. मग पाय ओढत घरात आले आणि काठी बाजेखाली घातली. नऊ. पुन्हा मोजले. नऊच. एकाही भोपळ्याला ओरखडा नव्हता. भोपळा न फोडता बी काढायची युक्ती निघाली असेल तर ती त्यांनी ऐकली नव्हती. मथुराबाई आणि निकिता शेजारी शेंगा सोलायला गेल्या होत्या. ज्ञानोबांनी टोपी घातली आणि ते समोर वजीरभाईंच्या गिरणीकडं निघाले.

वजीरभाई आणि ते बरोबरीचे. वजीरभाईंनी दोन वर्षांमागं पिठाची गिरणी मुलाच्या, मुजफ्फरच्या हवाली केली होती आणि तेव्हापासून ते गिरणीच्या दारात पोत्यावर बसून असत. भुवया अजून पांढऱ्याच होत्या; आधी त्या पिठानं पांढऱ्या होत्या, आता आपल्या आपण. गिरणीच्या मागंच घर होतं, आणि दोन्हींच्या मधल्या अंगणात त्यांची बायको हसीनाबी विळी मांडून बसली होती.

“या या, ज्ञानोबाभाऊ,” वजीरभाई म्हणाले. “उद्याचं निमंत्रण द्यायला आलाव काय? आम्ही न बोलवताबी येणार हाव.”

“वजीरभाई, खरं सांगायचं. आमच्या घरी भोपळा कुनी फोडला?”

“आता तुमच्या घरचा भोपळा मला काय माहीत?”

“सुपात बिया वाळायल्यात.”

“मग भोपळाबी असंल की कुठं तरी.”

“नवाचे नऊ बाजंखाली हायत. आत्ता मोजून आलो.”

वजीरभाईंनी गिरणीत डोकावून मुजफ्फरला पट्टा ढिला झालाय म्हणून सांगितलं. मुजफ्फरनं ऐकल्याचं दाखवलं नाही. वजीरभाई पुन्हा पोत्यावर टेकले आणि आभाळाकडं बघायला लागले. खोटं बोलायची वेळ आली की ते आभाळाकडं बघत, ज्ञानोबांना हे शाळेपासून माहीत होतं.

तेवढ्यात हसीनाबीनं टोपलीतून एक गरगरीत भोपळा उचलला, विळीच्या पाटावर पाय घट्ट रोवला, भोपळा पात्यावर धरून दोन्ही हातांनी खाली दाबला, आणि कर्रकन दोन भकलं दोन बाजूंना पडली. ज्ञानोबांच्या तोंडून “आँ” निघालं.

“भाबी, हे काय करायलाव?”

“भाजी.”

“तुमच्या हातानं?”

“मग काय पायानं करू?”

“तसं न्हाय. म्हंजी, बाईनं... तुमच्यात चालतं हे?”

“आमच्यात भोपळा भाजीत धरतेत, भाऊ,” वजीरभाई म्हणाले. “लेकरात न्हाय. एकडाव मी म्हनलो, आण, मी फोडून देतो. फोडला. आर्धा भिंतीला लागला, आर्धा कोंबड्याला. तवापासून ही मला भोपळ्याच्या जवळ येऊ देत न्हाय.”

“कोंबडा चांगला होता,” हसीनाबी म्हणाली. मग बिया खरवडून काढता काढता तिनं सहज विचारलं, “कशाच्या बियांचं चाललंय? रणधीरनं आनलेल्या का?”

“तू गप की जरा,” वजीरभाई म्हणाले.

“का गप? मी दवाखान्याला उमरग्याला गेल्ते तवा बाजारात दिसला. भोपळ्याची फोड घ्यायला होता. मी म्हनलं, का रे बाबा, घरी एवढे पडलेत की. तर म्हनला, चाची, कुनाला सांगू नका. मी कुनाला सांगितलं? ह्यांनाच तेवढं सांगितलं. आन आमच्या सुनंला, मेहनाजला.”

ज्ञानोबा पोत्यावर बसले. हळूहळू त्यांच्या ध्यानात यायला लागलं. बाजारातल्या माणसानं भोपळा फोडून ठेवलेला असतो. बाजारातला माणूस पुरुष असतो. तेव्हा त्या फोडीला कुणीही हात लावला तरी नियम मोडत नाही, रणधीरला सुरी धरावी लागत नाही, आणि बापाचं मन दुखावत नाही. सगळं बरोबर बसवलेलं होतं. रणधीर लहानपणी गणितात कच्चा होता, म्हणजे हे डोकं मथुराबाईंचं.

“पोरगं हुशार हाय,” हसीनाबी म्हणाली.

वजीरभाईंनी पोत्यावर जरा सरकून जागा केली. “भाऊ, एक सांगू? देऊन टाका ती सुरी रणधीरला. मी न्हाय का गिरणी दिली? आता बसतो, आवाज ऐकतो, पट्टा ढिला झाला की सांगतो. कुनी ऐकत न्हाय. लई बरं वाटतं.”

“गिरणी दिली तरी मानूस गिरणीच्या दारात बसतोय, वजीरभाई. सुरी दिली की मानूस भिंतीवर फोटूत जातोय.”

वजीरभाईंनी पुन्हा मुजफ्फरला पट्ट्याचं सांगितलं.

संध्याकाळी रणधीरची मोटरसायकल अंगणात आली तेव्हा ज्ञानोबा दारात काठी टेकून उभे होते. एरवी या वेळेला ते बाजेवर चेंडू दाबत बसलेले असत. रणधीरनं हँडलची पिशवी काढून पाठीमागं धरली.

“पिशवीत काय हाय?”

“ब्रेकचं सामान हाय, आप्पा. एका गिऱ्हाइकाचं.”

“इकडं आण.”

“तेल लागलंय त्याला.”

“लागू दे.”

रणधीरनं पिशवी दिली. ज्ञानोबांनी ती पायरीवर ठेवून डाव्या हातानं आतला पेपर सोडवला. दोन किलोची तरी केशरी फोड होती, बियांसकट.

“हे कंच्या ट्रॅक्टरचं ब्रेक म्हनायचं?”

रणधीरनं आईकडं बघितलं. मथुराबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, हाताला पीठ होतं. त्यांच्यामागं निकिता.

“म्या नऊ भोपळ्यावर झोपायलोय,” ज्ञानोबा म्हणाले. “कोंबडी अंड्यावर बसती तसा. आन माझ्या घरात विकतची फोड येती. कवापासून चाललंय?”

निकिताला खोटं नीट जमत नसे, आणि आता खरं बोलूनच सुटका आहे असं तिला वाटलं. “दुसऱ्यांदाच आणलीय, मामा. पहिली थालीपिठात घातली.”

“कंच्या थालीपिठात?”

“मागच्या सोमवारच्या.”

“ते काकडीचं होतं.”

“न्हाय, मामा.”

मागच्या सोमवारी ज्ञानोबांनी चार थालीपीठं खाल्ली होती आणि या वर्षी काकडीला चव चांगली आहे असं दोनदा म्हणाले होते. ती गोष्ट सगळ्यांनाच आठवली, पण कुणी तसं दाखवलं नाही.

“मग काय करायचं?” मथुराबाई शेवटी म्हणाल्या. “तुमाला फोडा म्हनावं तर तुमाला वाईट वाटंल. पोराला फोड म्हनावं तर त्याहून वाईट वाटंल. म्हनून ह्याला सांगितलं, फोडलेलाच आण. त्यात कुनाचं काय गेलं?”

“माझं काय गेलं, हे इचारतीस?” ज्ञानोबांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. “ही फोड कुनी फोडली?”

“बाजारवाल्यानं.”

“नाव काय त्येचं?”

“मला काय म्हाईत?”

“नाव म्हाईत न्हाय, गाव म्हाईत न्हाय. आन ह्या घरच्या भोपळ्याला पहिली सुरी त्येनं लावली. म्हंजी पोराला कर्ता करायचं न्हाय म्हनून तुमी बाजारवाल्याला कर्ता केलाव.”

आपण सगळ्या बाजूंनी विचार केला असं मथुराबाईंना वाटत होतं. ही बाजू राहिली होती. एवढ्या वर्षांच्या संसारात ज्ञानोबांनी त्यांना निरुत्तर केल्याची ही पहिलीच वेळ, आणि ते निकितासमोर झालं.

“निकिता,” ज्ञानोबा म्हणाले, “भोपळा आण. सगळ्यात मोठा.”

निकितानं मधला आणला.

“म्या मोठा म्हनलो.”

ती परत गेली आणि मोठा घेऊन आली, पोटाशी धरून, वाकत. रणधीरनं अंगणात लाकडी पाट मांडला. मथुराबाईंनी फळीवरची लांब सुरी पुसून आणली. ज्ञानोबा पाटासमोर पोत्याच्या घडीवर बसले, डाव्या हातानं उजवी बाही सारली, भोपळा फिरवून देठ बघितलं, बूड बघितलं, दोन थापट्या मारल्या. इथपर्यंत सगळं दरवर्षीसारखं झालं. समोरून वजीरभाई येऊन कुंपणाशी उभे राहिले होते. त्यांना वाईट वाटत होतं, आणि बघायचंही होतं.

ज्ञानोबांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून सुरीच्या मुठीवर ठेवला. मग एकेक बोट वाकवून मुठीभोवती बसवलं, लहान मुलाला पाटी धरायला शिकवतात तसं. पातं भोपळ्यावर आलं. त्यांनी जोर लावला. जोर त्यांच्या कपाळावर दिसला, मानेवर दिसला, खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. सुरी भोपळ्यावर फुटपट्टीसारखी पडून राहिली.

“आप्पा, म्या भोपळा धरतो,” रणधीर म्हणाला.

“धरायला काय झालं? भोपळा काय पळून चाललाय?”

त्यावर भोपळा पाटावरून घरंगळला, अंगणाच्या उतारानं गडगडत गेला आणि मोटरसायकलच्या चाकाला लागून थांबला. कुणी हसलं नाही. कुंपणाशी वजीरभाईंना मोठा खोकला आला.

निकितानं भोपळा परत आणला आणि घागरीखाली घालायची चुंबळ पाटावर ठेवून त्यात तो बसवला. आता तो हलणार नव्हता. ज्ञानोबांनी पुन्हा बोटं बसवली, सुरीचं टोक खाली केलं आणि छाती टेकवून दाबलं. टोक नखभर आत गेलं आणि अडकलं. पुढं जाईना, मागं येईना.

“लागली की, आप्पा,” रणधीर घाईनं म्हणाला. “पहिली सुरी लागली. आता म्या–”

“ह्याला लागली म्हनत न्हाईत. ह्याला खाजवली म्हनतात.”

त्यांनी हात काढला नाही. घामाचा थेंब नाकावरून भोपळ्यावर पडला. रणधीर खाली बघत उभा राहिला. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं असतं तर काम क्षणात झालं असतं, आणि त्याला ते पाऊल टाकायचं नव्हतं. अंगणात कुणालाच पुढं काय करायचं ते कळत नव्हतं. गिरणीचा आवाज तेवढा येत होता, आणि पट्टा खरोखरच ढिला वाटत होता.

मथुराबाईंनी पदराला हात पुसले. त्या येऊन ज्ञानोबांच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसल्या, पदर डोक्यावरून घेतला, आणि सुरीवरच्या त्यांच्या हातावर आपला उजवा हात ठेवला.

“हे काय?” ज्ञानोबा म्हणाले.

“हात लावायले. सत्यनारायणाला लावत न्हाई का? तुमी पूजा करताव, म्या हाताला हात लावते. पूजा तुमचीच असती.”

ज्ञानोबांनी विचार केला. हे खरं होतं. पूजेत बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते, आणि भटजी त्यावर कधी हरकत घेत नाहीत.

“पूजेत नुसता लावतीस. दाबत न्हाईस.”

“देव मऊ असतोय. भोपळा न्हाय.”

“सुरी माझ्या हातात हाय पर.”

“तुमच्याच हातात हाय. म्या कुठं सुरीला हात लावला?”

कुंपणाशी वजीरभाई आणि अंगणात निकिता, दोघांनीही हे तपासून बघितलं. मथुराबाईंचा हात सुरीला कुठंही लागत नव्हता. मधे सगळीकडून ज्ञानोबांचा हात होता.

“बरं,” ज्ञानोबा म्हणाले. “लाव.”

मथुराबाई गुडघ्यावर उठल्या. त्यांनी अंगाचा सगळा भार त्या दोन हातांवर टाकला, दात आवळले, आणि सुरी कर्र करत खाली गेली, एकदम नाही, जरा थांबत, पण पार चुंबळीपर्यंत. भोपळा दोन बाजूंना उघडला. आत दाट केशरी रंग होता. ज्ञानोबा आणि मथुराबाई, दोघंही भोपळ्याकडं बघत राहिले.

“फुटला काय?” वजीरभाईंनी विचारलं.

“फोडला,” ज्ञानोबा म्हणाले.

मग घरात एकच घाई झाली. निकितानं बिया काढल्या, साल तासली, अर्ध्या भोपळ्याच्या सकाळच्या भज्जीसाठी मोठ्या फोडी केल्या आणि अर्धा किसायला घेतला. रणधीरला गूळ फोडायला बसवलं. त्यानं गोड सोडल्याचं विसरून दोन खडे तोंडात टाकले. वजीरभाई पायरीवर चहा पीत बसले. बाजाराची फोड ज्ञानोबांच्या सांगण्यावरून म्हशीला घातली; म्हशीनं कुणी फोडली ते विचारलं नाही. स्वयंपाकघरात गुळात शिजणाऱ्या किसाचा वास सुटला, त्यात मावेल तेवढं गव्हाचं पीठ पडलं, वेलदोडा पडला, कढई चढली. ज्ञानोबा आपली बाज सोडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले आणि सूचना द्यायला लागले. पीठ जास्त होतंय. तेल अजून तापू द्या. यंदाचा भोपळा गोड आहे, गूळ बेतानं घाला.

“एका दमात गेली की न्हाय सुरी?” ते मधेच म्हणाले.

“गेली की,” मथुराबाई म्हणाल्या. त्या केळीच्या पानाच्या तुकड्यावर घारगे थापत होत्या.

ज्ञानोबा बघत राहिले. घारगे दरवर्षी गोल यायचे. आज ते एका बाजूला ओढल्यासारखे वेडेवाकडे येत होते. त्यांनी नीट बघितलं. मथुराबाई डाव्या हातानं थापत होत्या. उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि कुणी बघत नाहीसं बघून त्या मधूनच त्याची बोटं उघडमीट करत होत्या.

ज्ञानोबांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. तो नेहमीसारखा होता. त्याला काही झालेलं नव्हतं.

पहिला घारगा तळून ताटलीत आला तसा निकितानं तो त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

“निकिता,” ते म्हणाले, “आधी आत्याच्या हाताला जरा तेल चोळून दे.”

“का वो मामा? आत्याला काय झालं?”

“काय व्हायचंय?” ज्ञानोबा म्हणाले. “पूजेला बसली होती.”